सडा

त्या साली पिंपळनेरच्या अलीकडच्या आमच्या गावातली एकही विहीर जिवंत नव्हती. दोन दिवसांआड टँकर यायचा आणि घराला दोन हंडे मिळायचे. कलेक्टरकडे अर्ज करू म्हटलं की सरपंच तोताराम आबा हाताने गप्प करायचे. "मंत्रीसाहेब येतीन, मंग बठ्ठं नीट व्हई." साहेब आले की सगळं नीट होईल, तीन वर्षं हेच ऐकत होतो. साहेबांचा फोटो तर आबांनी देव्हाऱ्यातच ठेवला होता.

अखेर साहेब येणार असं कळलं. आबांनी दवंडी पिटवली, साहेबांवर धूळ उडायला नको, प्रत्येक घराने रस्त्यावर हंडाभर पाण्याचा सडा घालायचा. माझ्या आईने घरातला पिण्याच्या पाण्याचा शेवटचा हंडा उचलला.

"माय, पेवानं पानी शे ते."

"तारनारा ई ऱ्हायना. तू गप ऱ्हाय." तारणारा येतोय म्हटल्यावर तिने हंडा रस्त्यावर रिकामा केला.

साहेब गाडीतून उतरले. ओल्या रस्त्याकडे, दारोदारच्या रांगोळ्यांकडे बघत चार पावलं चालले. आबा हार घेऊन वाकलेलेच होते. साहेब त्यांच्या डोक्यावरून मागच्या अधिकाऱ्याला म्हणाले,



"इथे तर पाण्याची चंगळ आहे. उद्यापासून टँकर बंद करा."