सोळावी जागा

उंदीर आजही जिंकला होता. भिंगोजीने फोन टेबलावर उपडा टाकला आणि जेवणाचं ताट पुढे ढकललं.

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो भिंगं घासायला बसायचा, म्हणून भिंगोजी. दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून आपले डोळे फोडून घ्यायचे, या कामाला तो सात वर्षांत पुरता विटला होता. सुटकेची वाट एकच होती, फोनवरचा किल्ल्यांचा खेळ. लाखो माणसं एकमेकांचे किल्ले पाडायची आणि हारजितीच्या गुणांवर प्रत्येकाचा क्रमांक ठरायचा. महिनाअखेरच्या शुक्रवारी दुपारी तीनला यादी बंद होणार होती. पहिल्या सोळा जणांना खेळाची कंपनी आपल्या संघात घेणार होती, तेही पगारी नोकरीवर.

भिंगोजी सतरावा होता. सोळावा उंदीर, नऊ गुणांनी पुढे. हा उंदीर कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं. खेळात सगळे टोपणनावानेच वावरायचे.

"हे क्रमांकच खोटे आहेत," तो ताईला म्हणाला.

ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आईवडील गेल्यावर तिनेच कॉलेज सोडून त्याला वाढवलं होतं आणि तेव्हापासून ती हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसत होती. आत्ता ती आपला जेवणाचा डबा रिकामा करत होती. डबा नेहमीप्रमाणे अर्धाच खाल्लेला. एरवी त्यावरून भिंगोजीने तिला बोल लावले असते, पण आज त्याचं स्वतःचंच गाऱ्हाणं मोठं होतं. उंदीर फक्त दुपारी एक ते दोन खेळतो. त्या वेळी खेळायला माणसं थोडी, त्यामुळे जो हाती लागेल त्याच्याशी जोडी लावून देतात. आम्ही संध्याकाळी एकेका वाघाशी झुंजायचं आणि हा दुपारी नवखी पोरं लोळवून गुण गोळा करणार, हा कुठला न्याय?

"आणि तो नवख्याशी हरला तर?" ताईने विचारलं.

"तर एकतीस गुण जातात एका फटक्यात. बरोबरीच्याशी हरलं तर सातआठच."

"मग केवढी जोखीम घेतो बघ रोज. त्याला तेवढीच सवड मिळत असेल रे. सगळ्यांची संध्याकाळ काही मोकळी नसते."

ताईला सगळ्या जगाचीच कणव. भिंगोजी वैतागून उठला. पण तो एकतीसचा आकडा काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी त्याने नवं खातं उघडलं, नाव ठेवलं कोकरू. नियमाप्रमाणे एका माणसाचं एकच खातं, आणि त्यासाठी ओळखपत्र लागायचं. स्वतःचं तर वापरून झालेलं. त्याने ताईच्या पर्समधून तिचं ओळखपत्र काढलं, फोटो घेऊन कंपनीला पाठवला आणि गुपचूप परत ठेवून दिलं. ताईला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, मग विचारायचं तरी काय? कंपनी ओळखपत्रं सवडीने तपासायची. तोवर काम फत्ते झालं असतं.

मग तीन आठवडे तो रोज संध्याकाळी कोकराला मुद्दाम हरवत राहिला. हरणंही सोपं नसतं. एकदा तर समोरचाच खेळ सोडून पळाला आणि भिंगोजीला नको असलेला विजय पदरात पडला. चाळीस हारींनंतर कोकरू यादीच्या तळाशी जाऊन बसलं. वर उंदीर अजून सोळावा आणि भिंगोजी सतरावाच होता.

शुक्रवारी त्याने मालकाला पोट बिघडल्याचं सांगितलं आणि मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं. एक वाजून पाच मिनिटांनी उंदराच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. त्याच क्षणी भिंगोजीने बटण दाबलं. जोडी लागली.

उंदराने तीन मिनिटांत त्याचा किल्ला जमीनदोस्त केला असता. पण त्याची फौज नदीपाशी येऊन थांबली आणि पडद्यावर निरोप उमटला, "नवीन आहेस ना? आधी तटबंदी घालून घे. मी थांबतो."

भिंगोजीला लाज वाटली. खोटं कशाला सांगा, चांगलीच वाटली. मग घासायची राहिलेली भिंगं त्याच्या नजरेस पडली. त्याने तटबंदी घातली नाही. सगळं घोडदळ नदीच्या वरच्या अंगाने नेलं आणि उंदराच्या उघड्या किल्ल्यात मागून घातलं. एका फटक्यात एकतीस गुण गेले. उंदीर घसरला तो थेट चाळिसाव्या जागेवर.

तीन वाजता यादी बंद झाली तेव्हा भिंगोजी सोळावा होता.

ताई घरी आली तशी त्याने तिला दारातच बातमी सांगितली. पायातल्या चपलाही न काढता ती तशीच उभी राहिली. मग तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुझं झालं ना? मग बास," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. ते पाहून त्याचेही आले. जिने आपल्यासाठी एवढ्या खस्ता काढल्या तिला आज आपण आनंद दिला, या विचाराने त्याचा ऊर भरून आला. त्या दिवशी ताई जेवली नाही, डोकं दुखतंय म्हणून लवकर झोपली.

शनिवारी सकाळी ताई चहा टाकत होती. ओट्यावरचा तिचा फोन वाजला आणि लगोलग भिंगोजीचाही. ताईने फोन उचलून वाचायला घेतला. चहा उतू गेला तरी ती जागची हलली नाही.

"ताई, गॅस," असं म्हणत भिंगोजीने आपला फोन पाहिला. कोकराच्या खात्यावर कंपनीचं पत्र आलं होतं.

"एकाच व्यक्तीने दोन खाती चालवून स्वतःशीच सामना खेळल्याचे तपासणीत आढळले आहे. सदर व्यक्तीवर या खेळात आजन्म बंदी घालण्यात येत असून तिचे नाव फसवणूक करणाऱ्यांच्या जाहीर यादीत टाकण्यात येत आहे. आपल्या ओळखपत्रावर उघडलेली खाती पुढीलप्रमाणे. कोकरू, तीन आठवड्यांपूर्वी. उंदीर, सहा वर्षांपूर्वी."