८०८० नंबरचं दार

भावाच्या, प्रेमानंदच्या, सर्व्हरवरची साइट बाहेरून उघडत नव्हती, म्हणून समतानं फायरवॉलचे नियम तपासायला घेतले. साइटचं नेहमीचं दार, ऐंशी नंबरचं पोर्ट, बंद पडलं होतं. तिनं ते उघडलं. तेव्हा तिला दुसरं दिसलं. ८०८०. ते सताड उघडं होतं आणि त्याबद्दल भाऊ तिच्याशी कधीच बोलला नव्हता.

आता विचारायची सोय नव्हती. आठ महिन्यांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. अमडापूरच्या घरात त्याचा लिनक्सवर चालणारा जुना कॉम्प्युटर, हाच सर्व्हर, तेवढा सुरू राहिला. त्यावर त्यानं गावोगावच्या म्हाताऱ्या गायकांची गाणी जमवली होती.

समतानं ८०८०च्या नोंदी काढल्या. रोज दुपारी दीडला कुणीतरी आत येत होतं. नाव प्रेमानंद. पासवर्ड बरोबर. एकच फाइल ऐकायची आणि निघून जायचं. कालसुद्धा.

तिनं ती फाइल लावली. प्रेमानंद ससोबाचं बडबडगीत म्हणत होता, मधेच हसत होता.

दीड वाजला. कॉम्प्युटरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. स्वयंपाकघरातून आई, केसरबाई, आल्या. समताचे वडील जानराव वावरात कामाला गेलेत ना, हे त्यांनी दारातून पाहून घेतलं आणि दिव्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाल्या, "आलं पाय."

"काय आलं, माय?"

"काई नाही. तू तुयं काम कर."

"अवं, कोणीतरी दादाचं नाव वापरून राह्यलं. चोर असन."

"असू दे. राहू दे ते उघडं."

मेलेल्या लेकाची वाट पाहत माय खुळावली, समताला वाटलं. यातून तिला बाहेर काढायलाच हवं होतं. तिनं ८०८० बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दीडला फायरवॉलनं चाळीस वेळा कुणाला तरी परतवलं. त्याच्या पुढच्या दिवशी दोनशे वेळा. पडद्यावर ओळीखाली ओळ उमटत होती. दादा बाहेर उभा आहे आणि आपणच कडी लावलीय, असं वाटून समताचा हात कीबोर्डकडे गेला. तरी तिनं तो आवरला.

चौथ्या दिवशी जानराव घराबाहेर पडताच केसरबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. डोळे सुजले होते.

"उघड बाई ते," त्या म्हणाल्या. "तिकडं जळगाव जामोदले तुया दादाची पोरगी बापाचं गाणं आयकल्याबिगर तीन दिवसांपासून जेवली नाही."