ऑर्किड फुललं की

सुनेनं ऑर्किडची कुंडी बेसिनमध्ये ठेवली आणि आधी साधं पाणी घातलं. चंदेरी मुळं हिरवी झाल्यावर मग खताचं पाणी ओतलं.

"कोरड्या मुळांना खत दिलं की ती पोळतात, बाबा."

"दर आठवड्याला लागतं का?" पेपरातून डोकं वर न काढता सासऱ्यांनी विचारलं.

"पातळ करून, पण न चुकता. रोप लवकर मोठं होतं."

हा 'लवकर' बाबांना हल्ली टोचायचा.

थोरला मुलगा फोनवर एकच पालुपद लावायचा, आमच्याकडे कायमचे राहायला या. त्याला टाळायला बाबा एकदा बोलून गेले, "माझं ऑर्किड फुललं की येतो." रोप तेव्हा बोटाएवढं होतं. फुलायला वर्षं लागणार, म्हणून बाबा निर्धास्त होते. पण ते शब्दाचे पक्के, आणि थोरला विसरणाऱ्यातला नव्हे.

त्याच आठवड्यात ही धाकटी सून खताचा डबा घेऊन आली.

खरं तर या घरात बाबांचं उत्तम चाललं होतं. सकाळी सुनेबरोबर चहा, दुपारी पत्ते, पत्त्यांत ती लबाडी करते म्हणून रोजचं भांडण. एवढं सगळं गोड असताना तिला आपल्याला घालवायची घाई का, हे त्यांना कळेना. विचारायची हिंमतही होईना. फार वाईट वाटायचं.

दोन-तीन वर्षांत रोप फोफावलं. पानं हातभर झाली, फुलाचा मात्र पत्ता नाही. असं लोंबकळत राहण्यापेक्षा एकदाचं फुलू दे आणि आपण निघू, असं ठरवून, सून खत आणायची त्या नर्सरीत बाबा स्वतःच गेले. मोबाईलवरचा फोटो दाखवला.

"झकास वाढलंय," नर्सरीवाला म्हणाला. "फुलायच्या वयाचं केव्हाच झालं. आता पानांचं खत थांबवून फुलांचं द्यायला हवं."

"हे सुनेला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. डबा हातातही दिला. त्यांनी परत केला. म्हणाल्या, याला फूल येऊन चालायचं नाही, पानांचंच द्या."

नर्सरीवाल्यानं फळीवरून फुलांच्या खताचा डबा काढून पुढे ठेवला.

"हे न्या. थोड्याच दिवसांत कळीची दांडी दिसेल."

बाबांनी डबा हळूच मागे सरकवला.

"नको. पानांचंच द्या. आणि डबा जरा मोठा बघा."