गार व्हायच्या आत

"साखर किती?" स्वरूपानं विचारलं.

"दोन चमचे," निनाद संकोचून म्हणाला.

तेवढ्यात मध्यस्थ सबनीसबाईंनी यंत्र सुरू केलं आणि स्वरूपाचा हात थांबला. पत्रिका जुळवणं केव्हाच मागे पडलं होतं. आता पाहायला आलेली माणसं या यंत्रावर मुलीच्या पन्नास वर्षांनंतरच्या आयुष्यातली दहा मिनिटं बघत. ती मिनिटं कधी खोटी ठरत नसत. मुलाची मात्र कुणी मागत नसे.

पडद्यावर पंचाहत्तरीची स्वरूपा स्वयंपाकघरात एकटीच होती. तिनं दोन कपांत चहा ओतला. स्वतःचा बिनसाखरेचा घेतला. दुसऱ्यात दोन चमचे साखर घालून तो समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. तो गार झाल्यावर तिनं मोगऱ्याच्या कुंडीत ओतला, रोज ओतत असावी तसा.

"तब्येत ठणठणीत आहे हो मुलीची!" निनादची आई खूश झाली.

निनादचा चेहरा उतरला होता. "तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल," तो हळूच म्हणाला. "मला राग येणार नाही."

स्वरूपानं त्याच्या कपात दोन चमचे साखर घातली, नीट ढवळली आणि कप त्याच्यापुढे सरकवला.

"गार व्हायच्या आत घ्या," ती म्हणाली.