अकोल्याचा तो माणूस

लेकीच्या न्हाणीघरात दाढीचं सामान सापडलं नाही, तशी ज्योत्स्नाबाईंनी पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथे पुरुषाची चप्पलही नव्हती. सुवार्ता दारात उभी राहून आईनं चालवलेली ही झडती पाहत होती. हसावं की रडावं, तिला कळेना.

"कुठं लपवलं त्याले?"

"कोणाले, आई?"

"ज्याच्यासाठी प्रभूले सोडलं, त्याले!"

पोरीनं अमरावतीचं चर्च सोडलं आणि अकोल्यात नोकरी धरून एकटी राहू लागली, म्हणजे मागे गडी असणारच, हे चर्चच्या भगिनी मंडळानं कधीच ठरवून टाकलं होतं. मग काय! दर शुक्रवारी बायका उपास धरून तिच्यासाठी गुडघे टेकू लागल्या. त्या माणसाच्या मोहातून सुवार्ताला सोडव, प्रभू. पास्टरसाहेबांनी तर उपदेशातही त्याला धारेवर धरलं म्हणे. आता जो जन्मालाच आला नाही, त्याच्या मोहातून कोण काय सोडवणार!

गंमत अशी, की त्या माणसाची वाट सुवार्तानंही पाहिली होती. देहाची वासना म्हणजे पाप, हे ऐकतच ती वाढली. तिला वासना कधी शिवलीच नाही, तर मंडळींनी पवित्र पोरगी म्हणून तिला डोक्यावर घेतलं. तिला वाटे, आपल्यातही वासना आहे, भीतीनं दबलेली आहे एवढंच. चर्च सुटलं की येईल वर. चर्च सुटलं. ऑफिसातला नितेश आवडलाही. त्याच्याशी बोलता बोलता चहा गार होऊन जायचा. पण त्यानं जवळ घेतलं, की हिला नुसतं घरी जावंसं वाटायचं. शेवटी तो बिचारा दूर झाला. मग तिनं शोधलं, वाचलं, आपल्यासारख्यांशी फोनवर बोलली, आणि स्वतःवर संशय घेणं सोडून दिलं. केवढं हलकं वाटलं तिला!

पण हे आईला कसं सांगायचं? खोटा गडी उभा केला असता तर सोपं होतं. पाप आईला कळत होतं. खरं ऐकून तिनं पाठ फिरवली, तर? बाबा गेल्यापासून सुवार्ताला आईशिवाय होतं कोण?

"आई, बस. कोणीच नाही. मले तसं कोणाबद्दल कधी वाटलंच नाही. माया लागते, जीव लागते, पण आंगाले आंग लावावं असं वाटत नाही. चर्चमुळं नाही, चर्च सोडल्यामुळं बी नाही. मी हायेच अशी. माह्यासारखे लय लोक हायेत. अलैंगिक म्हणतात त्याईले."

ज्योत्स्नाबाई पलंगाच्या काठावर टेकल्या. त्यांचे ओठ हलू लागले. झालं, सुवार्ताला वाटलं, आता प्रार्थना सुरू.

"हा आजार नाही काय?"

"नाही, आई."

"पाप बी नाही?"

"नाही."

ज्योत्स्नाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. मग पोरीकडे न पाहताच म्हणाल्या, "तुहे बाबा जवळ आले का मले नकोसं होये. मंग मी जनमभर प्रभूजवळ माफी कायची मांगून राहिली होती व?"