दुसरी चावी

“दुसरी चावी कुठंय?” मुलीने विचारलं.

“हरवली,” बाबा म्हणाले आणि पुन्हा पेटीच्या बिजागरीला तेल सोडू लागले.

यावर विश्वास कुणाचा बसणार? तीस वर्षं कुलपं दुरुस्त करणारा माणूस. दुकानात शेकड्यांनी चाव्या टांगलेल्या आणि हवी ती डोळे मिटून काढणारा. नव्या कुलपाच्या दोन्ही चाव्या गिऱ्हाइकाच्या हातात ठेवल्याशिवाय ते त्याला पायरी उतरू देत नसत. एक मागे ठेवणारा तो कुलूपवाला नव्हे, चोर, असं स्वतःच सांगायचे. आणि नेमकी लेकीच्या पेटीची चावी हरवली म्हणे!

बारावी संपली होती. आठ दिवसांनी ती कॉलेजला निघणार होती आणि बाबांच्या उपदेशाला नुसता ऊत आला होता.

“आंघोळीला गेलीस तरी पेटीला कुलूप लाव. चावी मैत्रिणीलाही द्यायची नाही. पहिल्या आठवड्यात जी फार गोड बोलेल, तिच्यापासून चार हात लांब राहा. वर्गात पुढे बस, मागे बसलीस की झोप येते. आणि तिकडे उकाडा मरणाचा. सुती कपडेच घे.”

“हो,” ती म्हणायची आणि मुकाट्याने सुती कपडे भरायची.

बाबांच्या लेखी ती समुद्राकाठच्या शहरात हिशेबनिसाचं शिक्षण घ्यायला चालली होती. खरं तर त्या शहरात ती फक्त बस बदलणार होती. तिथून सात तास डोंगर चढला की वनशास्त्राचं कॉलेज. तिथलं प्रवेशाचं पत्र, शिष्यवृत्तीसकट, पेटीच्या तळाशी एका वहीत होतं. हा विषय तिने घरात एकदाच काढला होता. “झाडं मोजून पोट भरत नाही,” बाबा म्हणाले होते, आणि तिथेच त्यावर पडदा पडला. आता पत्र त्यांच्या हाती लागलं असतं, तर जाणंच रद्द झालं असतं.

आई खिडकीशी बसून जाड हिरव्या लोकरीचा स्वेटर विणत होती. मावशीसाठी. मधेच हात थांबवून अंबाडा चाचपत होती. तिचे केसांचे आकडे रोज हरवायचे. “उंदीर नेतात,” बाबा म्हणायचे.

“आई, तू काहीच सांगत नाहीस मला कॉलेजबद्दल.”

“मी काय सांगणार बाई? मी कुठे गेलेय कॉलेजात?”

“बाबांनी माझी दुसरी चावी ठेवून घेतलीय का गं?”

“मला त्या कुलपांतलं ओ की ठो कळत नाही,” आई म्हणाली. बाबा जेवायला घरी यायचे तेव्हा वीस वर्षं हीच दुकान सांभाळत होती. पण गिऱ्हाइकाला “येतीलच इतक्यात” यापलीकडे काही सांगत नव्हती, हेही खरंच.

मुलीने त्या दुपारी आईच्या टोपलीतून लोकरीचा बोटभर धागा घेतला आणि पेटीच्या झाकणाच्या फटीत अडकवला. पेटी उघडली की धागा पडणार.

संध्याकाळी धागा जमिनीवर होता.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा लावला. या वेळी तो दिसेचना. आई म्हणाली, “मीच उचलला. घरभर लोकर सांडलीय मेली.”

म्हणजे बाबांनी दोनदा उघडली. मग पत्र सापडलं का? ते तर जागचं हललं नव्हतं. पण बाबा हल्ली पेटीभोवती फार घुटमळत होते.

ती तडक दुकानात गेली आणि चाव्यांचे खिळे एकेक करून बघू लागली.

“काय शोधतेस?” बाबांनी मान वर न करता विचारलं. ते पोलादी तार वाकवत होते. “हे बघ, टोक काटकोनात वाकलं पाहिजे. जरा तिरकं राहिलं की कुलूप दात दाखवतं.”

“घरचं कुलूप कधी उघडलंत असं?”

“घरच्या कुलपात तार घालणाऱ्याचे हात झडतात.”

छान! तार घालत नसतील, पण हरवलेली चावी सापडायला तत्त्व कुठे आडवं येतं? तिला बाबांचा राग आला आणि रागावल्याचं वाईटही वाटलं.

निघायच्या सकाळी तिने पेटी तपासली. पत्र होतं. कुलूप लावून चावी गळ्यात घातली आणि आंघोळीला गेली.

“मावशीचा स्वेटर झाला का गं?” निघताना तिने उगाच विचारलं.

“झाला. दिला पाठवून,” आई म्हणाली. “वेळेवर जेव.”

बसपाशी बाबांनी पेटी स्वतः वर चढवली. खिडकीशी येऊन म्हणाले, “कधी अडलीस, तर पेटी उलटी करून बघ.” मग तोंड फिरवलं. बस सुटेपर्यंत ते तसेच पाठमोरे उभे होते.

डोंगरातल्या वसतिगृहात ती पोचली तेव्हा दातांवर दात वाजत होते. सुती ओढणी दोनदा गुंडाळूनही उपयोग नव्हता. तिने खोलीचं दार लावलं आणि आधी पेटी उलटी केली. बुडाच्या कोपऱ्यात एक उंचवटा होता. त्यावर पेटीचाच काळा रंग चढवलेला, कुठेही तडा नाही. तिने नखाने खरवडलं. आतून मेणात बसवलेली दुसरी चावी निघाली. बाबांनी पेटी रंगवली त्या दिवसापासून या चावीला कुणाचा हातच लागला नव्हता.

तिने चावी मुठीत धरली. बाबांची मनातल्या मनात माफी मागितली. मग पेटी सरळ करून कुलूप काढलं.

वर सुती कपडे जसेच्या तसे होते. तळाशी वही होती, वहीत पत्र होतं. आणि त्या वहीला पोटाशी धरून, घडी घातलेला जाड हिरवा स्वेटर होता. त्याच्या गळ्यात आईचा केसांचा आकडा खोचलेला होता, टोक बरोबर काटकोनात वाकवलेला.