दोर धरणारी

होळीपासून ते दोघं विहिरीतच होते.

म्हणजे बसले होते सीपरी बाजारात, सुबोधच्या माडीवर, कूलरसमोर, चहाचे पेले घेऊन. विहीर खेळातली. खेळ सगळा बोलण्याचा. प्रत्येकानं एक माणूस कल्पायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. पुढं काय घडलं ते सुबोध सांगणार, अडलं तर फासे. देवेंद्रचा चोर आणि ईशाची वैदीण एका जुन्या विहिरीच्या तळाशी होती, वर आभाळाचा वाटीएवढा तुकडा. काठावर त्यांचा दोर धरून उभी होती कमलिनी. कमलिनी जाईची, आणि जाई होळीपासून आली नव्हती.

जो आला नाही त्याचं माणूस असेल तिथं, असेल तसं थांबणार. त्याच्या तोंडून दुसऱ्यानं बोलायचं नाही. नियम होता.

“भैया, अब तो मेंढक भी नाम लेकर बुलाते हैं,” ईशा म्हणाली.

“नियम बदल,” देवेंद्र म्हणाला. “कमलिनीचं मी बोलतो. खेच म्हणतो, की झालं.”

“नियम तुझाच आहे,” सुबोध म्हणाला. “तू लग्नाला गेलास, आम्ही खेळातला तुझा हत्ती नदीत घातला, तेव्हा महिनाभर कोण रुसलं होतं?”

“हत्तीची गोष्ट वेगळी. मग जाईला सरळ काढून टाक. तन्वी कधीची विचारतेय, खेळायला येऊ का.”

“जाईची जागा जाईची आहे,” सुबोध म्हणाला. शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात होता. दर रविवारी असायचा.

जिना वाजला. दारात जाई उभी राहिली, पायात चपला तशाच, ओढणीनं मान पुसत.

“बसत नाही. बाबा खाली ऑटोत आहेत. व्यायामाला आणलं होतं.”

खिडकीतून तिचे वडील नारायणराव दिसत होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला घ्यावी तसा.

“बरं झालं आलीस,” सुबोध म्हणाला. “तुझी जागा तशीच ठेवलीय. कुणाला हात लावू दिला नाही.”

“तेच सांगायला आले. दे कुणाला तरी.”

“असं काय करतेस? जमेल तेव्हा ये. कमलिनी थांबेल.”

“थांबेल काय, उभीच आहे ती.” जाई हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. “दिवसभर बाबांना धरून उभी असते. बाथरूमपर्यंत, खाटेपर्यंत. जरा पाठ टेकली की आठवतं, तिकडं सीपरीत दोघांना धरून उभी आहे मी. हात सुटला तर दोघं खाली. सुबोध, खेळात तरी बसू दे ना मला.”

सुबोधचा हात खुर्चीवरून हळूच निघाला.

त्यानं आपला खेळातला आवाज लावला. “मग काय करते कमलिनी?”

जाईनं डोळे मिटले. “विहिरीजवळ झाड आहे?”

इतके रविवार हे कुणी विचारलंच नव्हतं. सुबोधनं समोरचा नकाशा पाहिला. कागदावर विहिरीभोवती काही नव्हतं.

“आहे,” तो म्हणाला. “उंबर आहे. जुना.”

“उंबराला दोर बांधते. गाठीवर गाठ मारते. मग वाकून हाक देते, या वर.”

देवेंद्रनं फासे उचलले. “टाकू?”

“नको,” सुबोध म्हणाला. “गाठ पक्की आहे.”

चोर वर आला. वैदीण वर आली. ईशा कुणाकडे न बघता म्हणाली, मेरी वाली धूप में मुँह करके खड़ी है.

“आणि कमलिनी?” सुबोधनं विचारलं.

“बसते. उंबराच्या सावलीला बसते, तळहात चोळते. दोराचे वळ उठलेत.” जाई आपल्याच हातांकडे बघत होती. “मग उठते. चालू लागते.”

“कुठं?”

“एरच गावाकडे. बेतवेच्या काठाकाठानं. वाटेत कुणी भेटलं तर भेटू दे, पण तिला काही धरायला देऊ नका.”

खाली हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. ऑटोवाल्यानं वर तोंड करून हाक मारली, “दीदी, बाबूजी बुला रए.”

“आले, बाबा,” जाई खिडकीतून म्हणाली. दाराशी वळली, तिघांकडे एकदा नीट पाहिलं. “येते हं,” म्हणाली आणि जिना उतरली. चपलांचा आवाज बाजाराच्या आवाजात मिसळून गेला.

ईशानं खुर्ची टेबलाजवळ सरकवली. या मित्रांच्या सोबतीनं ती मराठी समजायला शिकली होती; बोलायची हिंदीच, पण समजलेलं दाखवायची संधी सोडत नसे.

“सुना? येते, बोली. अगले इतवार ये कुर्सी तन्वी को मत देना.”

देवेंद्रनं सुबोधकडे पाहिलं. सुबोध नकाशावर विहिरीशेजारी एक झाड काढत होता.

“आमच्यात निघणारं माणूस ‘जाते’ म्हणत नाही, ईशा,” तो म्हणाला.